बत्तीसशेची पट्टी, सव्वीसशेची चाल

दसऱ्याची खरेदी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. पावसाळाभर वाचक विचारतात ते बंद पडलेल्या यंत्रांविषयी; दसऱ्यानंतर विचारतात ते चालू यंत्रांविषयी. आणि चालू यंत्राची तक्रार अधिक बोचरी असते, कारण पैसे मोजल्याचे दुःख तीत ताजे असते. गेली काही वर्षे या पत्रांत एक तक्रार न चुकता हजेरी लावते. गाव बदलते, हस्ताक्षर बदलते, मजकूर मात्र तोच: "मुलीसाठी संगणक घेतला. रॅम ३२०० ची म्हणून पैसे मोजले. खोक्यावर ३२०० छापले आहे, पट्टीवर छापले आहे, बिलावरही तेच आहे. संगणक मात्र २६६६ दाखवतो. दुकानदाराने आम्हांस फसवले काय?"

कोणाकडे २६६६ च्या जागी २४०० असतात, कोणाकडे २१३३. एका हिशेबी गृहस्थांनी तर त्रैराशिक मांडून कळवले की, २१३३ म्हणजे रुपयातले तेहतीस पैसे बुडाले, ते कोणाकडून वसूल करावेत? प्रश्न रास्त आहे. मध्यमवर्गीय घरात संगणक ही बोनसच्या आधाराने घ्यावयाची वस्तू. तिच्यावर छापलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांत तफावत पडली तर घरधन्याची झोप उडणारच. तेव्हा दिवाळीच्या निवांतपणात या एकाच प्रश्नाचा समाचार घेऊ. आधी उत्तर सांगतो, मग कारणे. उत्तर असे की, बहुतेक वेळा कोणीही फसवलेले नसते. पट्टी खरोखरच ३२०० ची असते. मात्र तेवढ्या वेगाने चाल, असे तिला कोणी सांगितलेले नसते. आणि काही घरी तर सांगूनही उपयोग नसतो.

प्रथम हा आकडा कशाचा, ते पाहू. संगणकातील डिस्क ही कोठीची खोली समजा आणि रॅम हा स्वयंपाकघरातला ओटा. कोठीत सामान कायमचे राहते. आज लागेल तेवढे काढून ओट्यावर मांडले जाते. प्रोसेसर हा आचारी. ओटा किती मोठा, हे जीबीच्या आकड्यावरून कळते. आणि ओट्यावरून आचाऱ्याच्या हाती जिन्नस किती झपाट्याने जातात, ते या ३२०० वरून. सेकंदाला ३२०० दशलक्ष, म्हणजे ३२० कोटी वेळा देवघेव. प्रत्येक खेपेला आठ बाइट. गुणाकार केला तर सेकंदाला २५,६०० मेगाबाइट होतात. कित्येक पट्ट्यांवर 'पीसी४-२५६००' असे लिहिलेले असते ते हेच. दोन आकडे पाहून दोन निराळ्या वस्तू आहेत असे समजू नये.

आता पडद्यावरच्या आकड्याकडे वळू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी निवडली की वेग दिसतो आणि किती खाचांत पट्ट्या बसवल्या आहेत तेही दिसते. इथला आकडा पट्टीवरच्या आकड्याशी थेट ताडून पाहता येतो. परंतु सीपीयू-झेडसारख्या काही कार्यक्रमांत १६०० च्या आसपासचा आकडा दिसतो आणि माणसाचे धाबे दणाणते. तिथे घाबरण्याचे कारण नाही. डीडीआर या नावातच 'दुप्पट' आलेले आहे: घड्याळाचा ठोका सेकंदाला १६०० दशलक्ष वेळा पडतो, आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा देवघेव होते. तेव्हा आकडा बरोबर निम्मा दिसत असेल तर पट्टी पुऱ्या वेगाने चालली आहे. अशा वाचकांनी हा लेख इथेच मिटून चिवड्याकडे वळावे.

बाकीच्यांसाठी पुढे.

प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक चिमुकली चिप असते. तीत त्या पट्टीची जन्मपत्रिका लिहिलेली असते. मशीन सुरू होते तेव्हा मदरबोर्डला समोर कोणती पट्टी बसली आहे याची काही कल्पना नसते. तो ही पत्रिका उघडून वाचतो. पत्रिकेच्या पहिल्या पानावर जेडेक या संस्थेने ठरवून दिलेले वेग असतात. ही संस्था १९५८ सालापासूनची. निरनिराळ्या कारखान्यांच्या चिपा एकमेकींशी जुळाव्यात म्हणून नियम ठरवण्याचे काम ती करते. डीडीआर४ चे नियम तिने २०१२ साली प्रसिद्ध केले, डीडीआर५ चे २०२० साली. या नियमांतल्या सावकाश वेगाचा फायदा असा की, कोणतीही पट्टी कोणत्याही जुळत्या बोर्डावर बिनतक्रार सुरू होते. अनोळखी घरी पहिल्या पंक्तीला माणूस जपूनच जेवतो, त्यातला हा प्रकार.

पत्रिकेच्या पुढच्या पानावर मात्र पट्टी बनवणाऱ्याने स्वतःचे आश्वासन लिहिलेले असते: १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट द्या, अमुक अंतराने हाक मारा, म्हणजे ही पट्टी ३२०० ने धावेल. या पानाची पद्धत इंटेलने २००७ साली सुरू केली, तिचे नाव एक्सएमपी. एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ साली स्वतःची पद्धत काढली, तिचे नाव एक्स्पो. खोक्यावर ठळक छापतात तो आकडा बहुधा या पुढच्या पानावरचा असतो. आणि मदरबोर्ड तर पहिल्याच पानावर थांबलेला असतो. साऱ्या घोटाळ्याचे मूळ हे.

काही ३२०० च्या पट्ट्यांत पहिल्याच पानावर ३२०० असतात, त्याही १.२ व्होल्टवर. म्हणून पट्टीवरची चिठ्ठी नीट वाचावी. १.३५ व्होल्ट असेल तर ती पुढच्या पानाची पट्टी. तिच्यावर 'सीएल१६' असेही बहुधा आढळेल, १.२ व्होल्टवालीवर 'सीएल२२'. हा आकडा म्हणजे हाक मारल्यापासून ओ देईपर्यंत पडणारे ठोके. ३२०० च्या वेगात सोळा ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद, बावीस ठोके म्हणजे पावणेचौदा. २६६६ ची 'सीएल१९' पट्टी सव्वाचौदा घेते. म्हणजे ओ देण्याच्या बाबतीत साधी ३२०० आणि साधी २६६६ यांत अर्ध्या नॅनोसेकंदाचा फरक. वेगळी पडते ती चांगली ३२००. खरेदीच्या वेळी एका आकड्यावर जाऊ नये, ते यासाठी.

आता उपाय. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबत राहावे. बायोस नावाचे पान उघडते. त्यात एक्सएमपी किंवा एक्स्पो हे शब्द शोधावेत. एएमडीच्या काही बोर्डांवर त्याच सोयीला डीओसीपी म्हणतात. 'प्रोफाइल १' निवडावे, एफ१० दाबून जतन करावे आणि टास्क मॅनेजरमध्ये आकडा पुन्हा पाहावा. बहुतेक घरांतली तक्रार एवढ्यावर मिटते, आणि पाच मिनिटेही लागत नाहीत. डीडीआर५ वाल्यांना एक सूचना: पहिल्यांदा सुरू होताना पडदा कित्येक मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड त्या वेळी पट्टीशी सूर जुळवून घेत असतो. घाबरून वायर उपसू नये.

आणि खरोखरच सुरू झाला नाही तर? पुष्कळ बोर्ड दोनतीनदा अडखळून आपण होऊन जुन्या वेगावर येतात. तसे न झाले तर वीज पूर्ण तोडून बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी. बायोस सारे विसरून मूळपदावर येतो.

इतके करूनही आकडा हलत नाही, किंवा बायोसमध्ये तो पर्यायच कामाचा नसतो, अशीही घरे आहेत. तिथे अडसर पट्टीत नसून प्रोसेसर आणि बोर्ड यांच्या जोडीत असतो. एक खरे उदाहरण देतो. इंटेलचा आय५-१०४०० हा २०२० सालचा प्रोसेसर घरगुती संगणकांत पुष्कळ खपला. त्याची स्वतःची मर्यादा २६६६. त्याच्या जोडीला एच४१० हा स्वस्त चिपसेट असलेला बोर्ड असेल तर त्या मर्यादेपलीकडे जाण्याची मुभाच नाही. त्यात ३२०० ची पट्टी घाला नाहीतर ३६०० ची, चाल २६६६ चीच राहणार. १३० च्या वेगाचे इंजिन जोडले म्हणून घाटातली गाडी १३० ने जात नाही, तसेच हे. पुढे २०२१ साली आलेल्या बी५६० चिपसेटने ही मुभा दिली. तेव्हा पत्र लिहिण्यापूर्वी प्रोसेसरचे आणि बोर्डाचे पूर्ण नाव पाहून घ्यावे. निम्म्या तक्रारींचे उत्तर त्या दोन नावांतच असते.

लॅपटॉपवाल्यांना तर बहुधा हा पर्याय मिळतच नाही. तिथे प्रोसेसर ठरवील तो वेग, आणि पुष्कळ बारीक लॅपटॉपांत पट्टी काढता-घालताही येत नाही. त्यांनी या विवंचनेत पडू नये.

तिसरे कारण मिश्र कुटुंबाचे. घरात जुनी २४०० ची पट्टी होती, तिच्या शेजारी नवी ३२०० ची आणून बसवली. २०२५ सालच्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले तेव्हा पुष्कळांनी अशी जुनी-नवी जोडी जमवली. आजी बरोबर असली म्हणजे सारे कुटुंब देवळापर्यंत आजीच्या पावलाने चालते. इथेही दोन्ही पट्ट्या २४०० ने चालतात. नवी पट्टी बिघडलेली नाही, ती फक्त मोठ्यांचा मान राखते आहे.

चौथे कारण गर्दीचे. चारही खाचा भरल्या की बोर्डावरचा भार वाढतो आणि वेग उतरवावा लागतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२०० आहे, चारांना ३६००. म्हणून बत्तीस जीबी हव्या असतील तर आठ-आठच्या चार घेण्यापेक्षा सोळाच्या दोन बऱ्या. आणि दोनच असतील तर कोणत्या खाचांत? चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. दुकानातला घाईतला पोऱ्या त्या कधी शेजारी-शेजारी खोचतो. बोर्डाबरोबरच्या पुस्तिकेतले चित्र पाहून खात्री करावी.

या शेवटच्या मुद्द्यापाशी जरा थांबतो, कारण रुपयांचा खरा प्रश्न इथे आहे. ३२०० ची एकच पट्टी सेकंदाला २५,६०० मेगाबाइट देते, हे वर पाहिले. २६६६ च्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर दोन्ही वाटा एकदम उघडतात आणि मिळून सुमारे ४२,६०० मिळू शकतात. म्हणजे जी मंडळी २६६६ दिसते म्हणून कासावीस होतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या संगणकात पट्टी एकच असते. दुसऱ्या खाचेकडे कोणी पाहिलेलेच नसते! सासरी पाठवायच्या लाडवांच्या डब्याला रंग कोणता यावर वाद, आणि डबा मात्र अर्धाच भरलेला.

मग एवढ्या धावपळीने रोजच्या कामात काय फरक पडतो? खरे सांगावयाचे तर पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, बातम्या वाचणे, मुलांचे तास ऐकणे यांत २६६६ आणि ३२०० हा भेद डोळ्यांना दिसणार नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावर खेळ खेळताना मात्र तो जाणवतो, कारण तिथे चित्रे रंगवण्याचे कामही याच ओट्यावर चालते. फितींची काटछाट करणाऱ्यांना आणि मोठी गाठोडी बांधणाऱ्या-सोडणाऱ्यांनाही थोडाफार. संगणक रांगत असेल तर आधी जीबी पुरतात का, डिस्क जुन्या फिरत्या चकतीची आहे का, ते पाहावे. मेमरीचा वेग हा त्यानंतरचा विचार.

हे मी इतके लांबण लावून सांगतो याला कारण आहे. आमच्याच इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सारे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या संगणकातही २६६६ दिसत होते. नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हात शिवशिवणारा. त्याने एक्सएमपी चालू करून ३२०० आणले. इथवर सारे यथास्थित झाले. पण चढत्या आकड्याची चटक वाईट. कोठे तरी वाचून त्याने स्वतःच्या हाताने ३६०० भरले. संगणक सुरू झाला. नातू म्हणाला, "आजोबा, आता बघा कसा पळतोय!" सर म्हणाले, "अरे, पण मला कुठं पळायचंय?"

त्याच आठवड्यात सरांनी जुन्या डिस्कवरची छायाचित्रे नव्या संगणकावर उतरवून घेतली. बाई जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. बहुतेक छायाचित्रे त्यांचीच. काम झाल्यावर जुनी डिस्क पुसून कोणा गरजूला दिली. महिन्याभराने एके रात्री सर माझ्याकडे आले. म्हणाले, "अहो, जरा येऊन बघता का? हिचे काही फोटो अर्धेच दिसताहेत." जाऊन पाहिले तो खरेच, वरचा भाग ठीक, खाली नुसता करडा पट्टा. आम्ही रात्रभर मेमरीची तपासणी लावून ठेवली. सकाळी पडद्यावर चुकांची लांबलचक यादी होती. वेग ३२०० वर आणून पुन्हा तपासले, एकही चूक नाही. पट्टी निर्दोष होती. तिने ज्याचे वचन दिले नव्हते ते तिच्याकडून मागितले गेले होते, इतकेच.

एकंदर अकरा छायाचित्रे बिघडली होती. नऊ नातलगांकडून परत मिळाली. दोन मिळाली नाहीत. नातू पुढे कित्येक दिवस आजोबांच्या समोर यायला कचरत होता. सरांनीच त्याला बोलावून घेतले आणि उरलेल्या सगळ्या छायाचित्रांच्या दोन प्रती दोन निराळ्या डिस्कांवर करायला बसवले.

मंद मेमरीने सेकंद जातात. डळमळीत मेमरीने वस्तूच जाते, आणि जाताना आवाजही करत नाही. ओट्यावर सांडलेले दूध दिसते. ओट्यावर नासलेले सामान कोठीत परत गेले तर महिन्याने कळते. म्हणून वेग वाढवला, मग तो एक्सएमपीने का असेना, की तपासणी केलीच पाहिजे. मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून संगणक सुरू करावा आणि रात्रभर चालू द्यावा. सकाळी चुका शून्य असल्या तर निर्धास्त व्हावे. एक जरी चूक दिसली तरी 'एकच तर आहे' असे म्हणू नये. वेग एक पायरी उतरवावा आणि पुन्हा तपासावे. बायोसची नवी आवृत्ती घातल्यानेही कधी कधी अडखळणारी पट्टी सुरळीत चालू लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग, एक्सएमपीने मिळवलेला असला तरी, इंटेल आणि एएमडी दोघेही ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरतात, आणि त्याचा हमीवर परिणाम होऊ शकतो. हमीचा कागद एकदा वाचून ठेवावा.

पाडव्याला खरेदीस निघणाऱ्यांनी दुकानदारास चार प्रश्न विचारावेत. हा प्रोसेसर आणि हा बोर्ड मिळून मेमरीचा वेग किती घेतात? पट्टी १.२ व्होल्टची की १.३५ ची? एक देता की जोडी देता? आणि वेग चालू करून, पडद्यावर दाखवून देणार का? चांगला दुकानदार चारही उत्तरे हसतमुखाने देतो. चौथ्या प्रश्नाला जो "घरी जाऊन करा, सोपं आहे" म्हणतो, त्याला सांगावे की, सोपे आहे तर इथेच करा.

ज्यांच्या घरी संगणक आधीच आला आहे, त्यांनी भाऊबीजेपर्यंत एक दुपार काढून टास्क मॅनेजर उघडावा. आकडा कमी दिसला तर वरच्या क्रमाने जावे. आकडा वर आला तर उत्तम; प्रोसेसरच्या मर्यादेमुळे आला नाही तर तेही ठीक. मात्र आकड्याला हात लावण्यापूर्वी घरातल्या छायाचित्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवावी. हे काम आधी, बाकीचे मागून.

सर्व वाचकांस दीपावलीच्या शुभेच्छा. पत्रे येऊ द्यावीत. फक्त प्रोसेसरचे आणि बोर्डाचे पूर्ण नाव लिहिण्यास विसरू नये.